न आरवणारे कोंबडे

"त्या काळी सगळं शुद्ध होतं," हे वाक्य कुणी माझ्यासमोर उच्चारलं की माझं डोकं फिरतं. मागच्या हिवाळ्यात आम्हा जुन्या लोकांचा एक मेळावा झाला. भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हा जे जे इथं होते आणि अजून चालते-फिरते आहेत, ते सगळे जमले होते. मी ज्यांच्या हाताखाली काम करायचो ते साहेबही काठी टेकत आले होते. त्यांनी भाषण केलं. दूध कसं दाट होतं, तूप कसं रवाळ होतं, माणसं कशी साधी होती, सगळं सांगून झालं आणि शेवटी म्हणाले, "आमच्या हातून एकही वाईट घास कुणाच्या ताटात गेला नाही." टाळ्या पडल्या. मी त्या मेळाव्यातून न जेवता घरी आलो. बायकोनं विचारलं, "काहून जी, जेवण नव्हतं का?" जेवण होतं. पण का नाही जेवलो ते तिला एका वाक्यात सांगता येईना, म्हणून हा लेख.

मी मांस निरीक्षक होतो. दुर्गचा माणूस, जबलपूरला गुरांच्या डॉक्टरीचं शिक्षण घेतलं आणि भिलाईत नोकरीला लागलो. लोक मला मटणवाले डॉक्टर म्हणत. लग्नकार्यात ओळख करून देताना सासरे नुसतं 'डॉक्टर' म्हणून थांबत, पुढचं सांगत नसत. काम साधं आहे. बोकड कापण्याआधी उभा पाहायचा आणि कापल्यावर आडवा पाहायचा. कलेजी, फुप्फुस, गाठी चाचपायच्या. ठीक असेल तर मांडीवर जांभळा शिक्का मारायचा, नसेल तर सगळ्यांसमोर त्यावर फिनाईल ओतायचं. फिनाईल ओतलं की ते मांस कुत्र्याच्याही कामाचं राहत नाही, आणि खाटीक तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. सुपेल्याच्या बाजारात एक गृहस्थ होते, ते मेंढीला बोकडाची शेपटी शिवून बोकड म्हणून विकायचे. टाका इतका सुबक की शिंप्यानं लाजावं. मी पकडलं तेव्हा म्हणाले, "साहेब, शिवण तर पाहा!" असल्या लबाड्यांवर मला राग यायचा नाही. त्यात माणूस फसतो, पण मरत नाही.

कोंबड्यांना शिक्का नसतो. पण पाहुण्यांच्या मोठ्या मेसला जाणाऱ्या कोंबड्या माझ्या नजरेखालून जात. तिथं रशियन तज्ज्ञ जेवायचे, बडे अधिकारी जेवायचे. कत्तलखान्याला लागून एक शेड होतं. ठेकेदार तिथं कोंबड्या आणायचा, कापायचा, आणि मजुरांच्या कॅम्पातल्या बाया त्या सोलायच्या. माझा एक नियम होता: मुंडी धडावर असल्याशिवाय मी कोंबडी तपासणार नाही. डोळे, चोच, तुरा पाहिला की कोंबडी स्वतःच आपला आजार सांगते. तपासणी झाली की मुंडी, मान आणि पंजे वेगळे व्हायचे. ते सोलणाऱ्या बायांचे. हा रिवाज कुणी घातला ठाऊक नाही, पण तो पक्का होता. मजुरी ठरवतानाच ठेकेदार तो हिशेबात धरायचा. उकिरड्यावर फक्त पिसं जात.

त्या बायांची पुढारीण होती सगुणा. तुमसरकडची, नवऱ्याच्या मागं आलेली. नवरा डोमाजी रिगर होता, म्हणजे उंच लोखंडी सांगाड्यावर दोरानं लटकून अवजड सामान चढवणारा. भट्टीचं काम चाललं होतं तेव्हा खालून मान वर करून पाहिलं की ही माणसं मुंग्यांएवढी दिसत. सगुणाला त्याचा फार अभिमान. "आमचा बुढा तेथं हाय," म्हणून आभाळाकडं बोट दाखवायची. बुढा तिशीचाही नव्हता.

प्रकरण सुरू झालं ते एका रशियन बाईमुळं. वेरा तिचं नाव. तिचा नवरा इंजिनिअर. मेसमधून अख्खी कोंबडी घरी नेऊन ती स्वतः सूप करायची, आणि सूपासाठी तिला मान हवीच असायची. मेसवाल्याशी भांडून ती शेडमधून मानेसकट कोंबडी मागवून घ्यायची. एके सकाळी ती वर्तमानपत्रात गुंडाळलेली कच्ची मान घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. तिच्या हिंदीत दोनच विशेषणं होती. "नहीं अच्छा," ती म्हणाली आणि कातड्याखाली नखानं दाबून दाखवलं. आत पांढरी, अर्धी विरघळलेली, ज्वारीच्या दाण्याएवढी गोळी होती. जंत नव्हता, पू नव्हता, हाडाचा तुकडा नव्हता. माणसानं बनवलेली वस्तू होती ती. मी दुसऱ्या दिवशी शेडमध्ये आलेल्या कोंबड्यांच्या माना चाचपल्या. जवळजवळ प्रत्येक मानेत, डोक्याच्या अगदी खाली, तोच कण हाताला लागला. आणि मग मला आठवलं की कित्येक दिवस या कोंबड्यांचे तुरे फिके येत होते. सगळे नर, पण तुरे असे की धुऊन रंग गेलेला. मेसमध्ये मात्र वाहवा चालली होती: काय मऊ मांस, काय चरबी!

मी सायकल मारत कोहक्याला गेलो. कोहका तेव्हा गाव होतं आणि गावाबाहेर ठेकेदाराचा कोंबडीफार्म होता. सकाळची वेळ. जाळीआड पांढरे विलायती कोंबडे अंगाला अंग लावून उभे होते, आणि आवाज नाही. कोंबड्यांच्या खुराड्यापाशी सकाळी कधी शांतता अनुभवली आहे का तुम्ही? मी गुरं-कोंबड्यांत आयुष्य काढलेला माणूस, पण अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती. पलीकडे गावात कुणाचा तरी मरतुकडा देशी कोंबडा जीव तोडून बांग देत होता. इकडून उत्तर नाही.

मॅनेजर खुशीत होता. त्याला वाटलं मी कौतुक करायला आलो. "डॉक्टरसाब, विलायती तरकीब आहे," तो म्हणाला. "मानेत सुईनं गोळी सोडून द्याची, बस. मग तो ना भांडते, ना आरवते, ना कोंबडीच्या मागं लागते. नुसता खाते आन् फुगते." त्यानं मला डबा आणून दाखवला. कलकत्त्याहून येणारा परदेशी माल. नाव वाचलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्टिलबेस्ट्रॉल. बायकांच्या अंगात जो रस नैसर्गिक असतो त्याची नक्कल करणारं औषध. डॉक्टरच्या चिठ्ठीनं, मोजूनमापून द्यायचं. नरात घातलं की नर राहत नाही, चरबीची पिशवी होते. डब्यावर सूचना छापलेली होती: पक्षी कापल्यावर डोकं आणि मान फेकून द्यावी, खाण्यात येऊ देऊ नये. गोळी मानेत वर टोचतात ती त्याचसाठी. ज्या देशात ही तरकीब निघाली तिथं मुंडी-मान कचऱ्यात जात असेल. आपल्याकडे फेकायचं म्हणजे कुणाला तरी द्यायचं, हे डबा बनवणाऱ्याला काय माहीत. पण मॅनेजरला माहीत होतं. ठेकेदाराला माहीत होतं. "हे वाचलंस का?" मी ओरडलो. तो म्हणाला, "वाचलं न साब. मेसले मान आमी देतच नाही. एक ती रशियन बाईच मागते."

मी परत आलो तर सगुणा माझ्या टेबलापाशी उभी. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"साहेब, तुमी ढोरायचे डाक्टर. माणसाचं पाहता का?"

"कुणाचं?"

"माह्या घरच्याचं. दवाखान्यात नेलं होतं जी. तेथचा कंपाउंडर हासला. म्हणे, याले झंपर शिवून दे. तवापासून तो घराबाहेर निंगत नाही."

मी तिच्यासोबत कॅम्पात गेलो. उन्हाळा होता, पत्र्याची खोली तापली होती, आणि डोमाजी सदऱ्यावर स्वेटर घालून भिंतीकडे तोंड करून बसला होता. मी दार लोटलं तेव्हा त्यानं स्वेटर आणि सदरा वर केला. दोन्ही बाजूंनी छाती भरून आली होती, हात लावला की कळ जायची. पाळी संपवून नळावर उघड्या अंगानं अंघोळ करताना टोळीतल्या पोरांनी ते पाहिलं होतं. मग काय, नाव पडलं, गाणं झालं, वर चढताना खालून शिट्या सुरू झाल्या. ज्याच्या हाताच्या भरवशावर टनाटनाचं लोखंड आभाळात जायचं, तो माणूस माझ्याकडे न पाहता म्हणाला,

"डाक्टर, मी बाई होऊन राहिलो का?"

मी "नाही" म्हणालो. मग सगुणाला विचारलं, हा खातो काय?

"जे मी खातो तेच," ती म्हणाली. "मुंडी-पंजे मी खातो. मान त्यालेच देतो. दिसभर वर लटकते बिचारा. मानेतलं हाड चोखाले त्याले लय आवडते." चांगला तुकडा नवऱ्याच्या ताटात वाढणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर जे समाधान असतं, ते तिच्या चेहऱ्यावर होतं. तरी मी सांगितलं. आजपासून मान खायची नाही, हे त्या गोळीमुळं आहे, बंद केलं की हळूहळू उतरेल. डोमाजीनं पहिल्यांदा माझ्याकडे वळून पाहिलं.

"मंग तुमी त्याइले सांगा न साहेब," तो म्हणाला. "टोळीले सांगा. दवाखान्यातल्याले सांगा. हे कोंबडीचं होय, माह्या अंगात खोट नाही, येवढं सांगा. मले दुसरं काही नाही पायजे."

एवढंच त्याचं मागणं होतं. कुणी तरी खुर्चीवरच्या माणसानं चार लोकांत खरं बोलावं.

पुराव्याशिवाय साहेब ऐकणार नाहीत हे मला ठाऊक होतं. हे औषध मांसात शोधायची प्रयोगशाळा आमच्याकडे नव्हती. माझ्याकडे होतं माझं क्वार्टर आणि मागचं अंगण. मी सुपेल्याहून देशी कोंबड्यांची नुकती तुरा फुटलेली नर पिल्लं आणली आणि दोन खोक्यांत ठेवली. एका खोक्यातल्यांना दाण्यात त्या माना बारीक करून घातल्या, दुसऱ्यातल्यांना साध्या गावठी कोंबडीच्या. बाकी पाणी, दाणा, ऊन सगळं सारखं. बायको म्हणाली, "पाहुणे आले तर बसवू कुठं, खुराड्यात?" शेजारी रोज चौकशी करायचे, "डॉक्टर, अंडी कधी देणार तुमचे कोंबडे?" काही आठवडे गेले. साध्या खोक्यातल्यांचे तुरे लालबुंद झाले आणि त्यांनी पहाटे असा गोंधळ मांडला की रात्रपाळी करून आलेला शेजारी शिव्या देत बाहेर आला. दुसऱ्या खोक्यातले गुबगुबीत झाले, तुरे पांढुरके पडले, आणि त्यांतला एकही आरवला नाही. याच दिवसांत बायकोनं मला आणखी एक गोष्ट सांगितली. सोलणाऱ्या बाया तिच्याकडे येऊन आपली दुखणी बोलू लागल्या होत्या, पाळीची, न थांबणाऱ्या रक्ताची, पडलेल्या गर्भाची. मला ते कोण सांगणार?

मी दोन्ही खोकी हातगाडीवर घालून साहेबांच्या ऑफिसात नेली. साहेब इंदूरकडचे, बोलणं लोण्यासारखं. त्यांनी शांतपणे सगळं पाहिलं, ऐकलं, मानेतली गोळी बोटानं दाबून पाहिली आणि हात साबणानं धुतले, दोनदा. मग म्हणाले, "कायद्यात या औषधाचं नाव कुठं आहे, दाखवा." नव्हतं. कायद्यात दुधातलं पाणी होतं, मिरचीतली विटेची पूड होती. कोंबडीच्या मानेतली गोळी नव्हती. मी म्हणालो, "कायदा नसेल, पण डब्यावर छापलंय ना!" ते म्हणाले, "बरोबर. म्हणून तर उपाय सोपा आहे."

आणि त्यांनी उपाय केला. आदेश निघाला: यापुढे मेसला एकही कोंबडी मुंडी-मानेसकट जाणार नाही, अगदी कुणी मागितली तरी. माझा नियमही त्यात गेला. कोंबडी माझ्यासमोर येणार ती मान छाटूनच. मी विचारलं, "आणि छाटलेल्या माना?"

"त्यांचं नेहमीचं जे होतं ते."

"साहेब, त्या बाया नेतात! त्या खातात! फेकायला लावा, पुरायला लावा, मी उभा राहून फिनाईल ओततो."

साहेबांनी माझ्याकडे अत्यंत वाईट वाटल्यासारखं पाहिलं. "अहो, अन्न आहे ते," ते म्हणाले. "गरिबाच्या तोंडचं अन्न फेकून द्यायचं? आणि बाहेर एक शब्द नको. पाहुण्यांचा प्रश्न आहे."

आज इतक्या वर्षांनीही हे लिहिताना माझी लेखणी कागद फाडते आहे. त्यांना सगळं समजलं होतं. न समजणाऱ्या माणसावर मी कधी चिडलो नाही. साहेबांना गोळी कुठं असते ते समजलं, ती काय करते ते समजलं, आणि त्यांनी सुरी नेमकी तिथं ठेवली, जिथून ती गोळी साहेबांच्या ताटातून निघून सगुणाच्या हंडीत पडेल.

मी गप्प बसलो नाही. दुसऱ्याच दिवशी पाळी सुटायच्या वेळी कॅम्पातल्या नळावर गेलो आणि ओट्यावर चढून टोळीला सगळं सांगितलं, डबा, गोळी, माना, डोमाजी. आधी हशा झाला. "कोंबडी खाऊन मानूस बाई होते का जी?" मी म्हणालो, "तुमच्या घरी माना येतात ना? सदरे काढा आणि स्वतःच पाहा." हसणं थांबलं. त्यांचा मुकादम, दोन हातांत दोन बादल्या उचलणारा गडी, बादल्या खाली ठेवून हळूच विचारता झाला, "साहेब, मले बी दुखते. ते हेच होय का?" त्या दिवसानंतर डोमाजीच्या नावानं शिटी वाजली नाही.

शेडमध्ये मात्र उलटंच झालं. मी छाटलेल्या मानांवर फिनाईल ओतलं आणि बाया माझ्यावर तुटून पडल्या. "चोराले सोडून आमाले कावून मारता?" एक म्हणाली, "याले सोताले पायजे असन!" सगुणा त्यांना समजावत राहिली, तिलाही शिव्या बसल्या. मी रोज ओतत राहिलो. मग ठेकेदारानं कापणं-सोलणंच कोहक्याला हलवलं. तिथं माझा अधिकार चालत नव्हता. बाया पायी कोहक्याला जाऊ लागल्या आणि पदरात माना बांधून आणू लागल्या. मला नंदिनीला पाठवण्यात आलं, खाणीच्या वसाहतीत डासांच्या मागे. गटारात तेल ओतताना मला पुष्कळदा वाटे की फिनाईल आणि तेलात फरक तो काय. पुढं ते डबे परदेशातून यायचे बंद झाले आणि प्रकार आपोआप थांबला. माल मिळेना म्हणून थांबला, कुणाला लाज वाटली म्हणून नाही.

डोमाजीची सूज उतरली. पण तो पुन्हा वर चढला नाही. मला म्हणाला, "वर चढलो का खालून सगळे पाहतात साहेब. अगुदर बी पाहत होते. पन आता ते पाहनं मले तसं वाटत नाही." रिगर एकदा खालच्या नजरांचा विचार करू लागला की त्याचा हात सुटतो, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. त्यानं काम सोडलं. दुर्गच्या स्टेशनवर मी त्यांना निरोप द्यायला गेलो. डोमाजी सामानाशेजारी बसून होता, हाताची घडी छातीवर घट्ट. ती सवय त्याला लागली होती. सगुणा माझ्याजवळ आली.

"साहेब, एक पुसू का? त्या डब्यावर लिवलं होतं नं, फेकून द्या म्हणून?"

"होतं."

"मंग फेकलं कावून नाही?"

गाडी आली. मी त्यांचं गाठोडं आत ढकललं. उत्तर माझ्यापाशी होतं, पण साहेबांचे ते शब्द त्या बाईसमोर माझ्या तोंडून निघेनात.

आता मेळाव्याचं. भाषण झालं, पंगत बसली. शाकाहारी वेगळे, आम्ही वेगळे. मला साहेबांच्या शेजारची जागा मिळाली. कोंबडीचा रस्सा होता. वाढणाऱ्या पोरानं साहेबांच्या ताटात डाव उलटा केला आणि साहेब पुढच्या माणसाशी दुधा-तुपाबद्दल बोलत राहिले. बोलता बोलता, खाली न पाहता, त्यांची बोटं रश्श्यातून फिरली, एक तुकडा चाचपला, उचलला आणि ताटाबाहेर, खाली अंथरलेल्या कागदाच्या कोपऱ्यावर ठेवला. तो मानेचा तुकडा होता. म्हातारपणानं त्यांच्या डोळ्यांना नीट दिसत नाही, पण बोटांना सगळं आठवत होतं.

मी तो तुकडा उचलला आणि परत त्यांच्या ताटात ठेवला.

"फेकू नका साहेब," मी म्हणालो. "अन्न आहे ते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कोण हे त्यांना त्या शब्दांवरून ओळखू आलं. त्यांनी ताट हळूच पुढं सरकवलं आणि पाणी मागितलं. मी उठलो, हात धुतले आणि घरी आलो.